कथेतला गुरू कसा लिहावा आणि वेळेवर बाजूला कसा काढावा

लांब दाढी, डोंगरातली झोपडी, कोड्यात बोलणं. गुरूचं पात्र घडवताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि फसतात. दाढी काढली तरी गुरू गुरूच राहतो, कारण त्याचं गुरूपण दिसण्यात नसतं, कथेत तो जे काम करतो त्यात असतं. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांची मांडणी केली, तीही कामांवरूनच: ३१ कार्यं आणि ७ भूमिका. त्यातला ‘दाता’ म्हातारा असो, जनावर असो की चेटकीण, आधी नायकाला पारखतो आणि मग हवी ती वस्तू त्याच्या हाती देतो.

तेव्हा आधी एका ओळीत लिहा: नायकाकडे काय नाही, जे गुरूकडे आहे? विद्या, माहिती, शस्त्र, काहीही चालेल, पण एकच. दुसरी गोष्ट सुचली तर ती दुसऱ्या पात्राला द्या.

मग परीक्षा. एक प्रसंग पुरतो. शिकवणीची तीन-तीन प्रकरणं कोणी वाचत नाही.

इथवर सोपं आहे. कथा अडते ती पुढच्या प्रश्नावर: गुरूला एवढं सगळं येतं, तर तो स्वतःच जाऊन काम का उरकत नाही? वाचक हा प्रश्न विचारतोच. उत्तर नसेल तर नायक उगाच राबतोय असं वाटू लागतं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मध्यावर गुरूला मारून टाका’. हा आळशी सल्ला आहे. मेल्यावर गुरू कथेतून जातो खरा, पण जिवंत असताना तो का गेला नाही, हे तसंच लटकत राहतं. शिवाय वाचक आता सरावलेत. प्रेमळ म्हातारा दिसला की तो किती पानं टिकेल याचा हिशेब सुरू होतो. मारायचंच असेल तर शिकवणी अर्धी असताना मारा, म्हणजे त्या मरण्याने नायकाचं काहीतरी अडेल. नुसतं रडवण्यासाठी नको.

खरी उत्तरं महाभारतात आहेत, तीही एकाहून एक वेगळी. कृष्णाने शस्त्र न धरण्याची अट युद्धाआधीच घातलेली आहे, त्यामुळे धनुष्य अर्जुनालाच उचलावं लागतं. द्रोणांनी पांडवांना घडवलं, पण युद्धात ते समोरच्या बाजूला उभे आहेत. परशुरामांनी कर्णाला ब्रह्मास्त्र दिलं आणि त्याचं खोटं उघडं पडल्यावर ते ऐन वेळी आठवणार नाही असा शापही दिला.

सगळ्यात बारकाईने पाहावी ती कचाची गोष्ट. संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे, आणि ते तर असुरांचे गुरू. देवांसाठी ती ते वापरणं शक्यच नाही. ती मिळवायला देवांनी धाडलेल्या कचाला असुरांनी मारलं, जाळलं आणि राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांना पाजली. इकडे शुक्राचार्यांच्या मुलीचा, देवयानीचा हट्ट की कच परत हवा. आता तो जिवंत झाला तर गुरूचं पोट फाडूनच बाहेर येणार. म्हणून शुक्राचार्यांना पोटातल्या कचालाच विद्या शिकवावी लागली. बाहेर येऊन त्याने गुरूला उठवलं. गुरूला द्यायचं नव्हतं, पण न देऊन भागत नव्हतं. तुमच्या गुरूला अशा कोंडीत धरा.

तर अट, बाजू, शाप, किंमत यांपैकी एक निवडा. आणि ते गुरूच्या पहिल्या किंवा दुसऱ्या प्रसंगातच दिसू द्या. संकट दारात आल्यावर सांगितलेलं कारण ही सबब होते.

दिसू द्या म्हणजे गुरूच्या तोंडून वदवू नका. समजा, कुलपं उघडण्यात वाकबगार असलेला म्हातारा एका पोरीला शिकवतोय. “मी आता थकलो, पोरी, हे तुलाच करायचंय” हे वाक्य खोडा. त्याऐवजी तो तार कुलपात घालायला जातो, टोक दोनदा कडेला आपटतं आणि तो मुकाट्याने तार तिच्या हातात देतो. वाचकाला हात थरथरताना दिसला, की पुढे कोणी विचारत नाही.

गुरूचे संवाद तपासा. कॅलेंडरवर सुविचार म्हणून छापता येईल असं प्रत्येक वाक्य काढून टाका. शिकवणारा माणूस “टोक वर धर, जोर लावू नकोस” असं बोलतो.

शेवटी कथेच्या अखेरच्या तृतीयांशात गुरूचं नाव शोधा. कळसाच्या प्रसंगी तो येऊन सोडवत असेल तर तो प्रसंग नव्याने लिहावा लागेल. आधी लिहून ठेवलेलं पत्र, स्वप्नातला आवाज, अचानक आठवलेलं नेमकं वाक्य, या सगळ्या मागच्या दाराने केलेल्या सुटकाच आहेत. नायकाने शिकलेलं वापरावं, पण गुरूने दाखवलं नव्हतं अशा रीतीने. त्या पोरीसमोर शेवटचं कुलूप असं ठेवा की त्यात तार जातच नाही, आणि तिला कान लावून आतली खटखट ऐकावी लागेल.