जुनी डिझेल गाडी घेताना प्रदूषण मानक कसे तपासावे

जुनी गाडी घेताना आपण टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, रनिंग किती झाले ते विचारतो. गाडी कोणत्या प्रदूषण मानकाची आहे, हे मात्र विक्रेत्याच्या शब्दावर सोडून देतो. डिझेल गाडीत ही बेफिकिरी महागात पडते. बीएस म्हणजे भारत स्टेज, या मानकाचा टप्पा. बीएस-४ डिझेल कारला दर किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ८० वर आली आणि काजळीची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर उतरली. दिल्लीत हवा फार बिघडली की बीएस-४ डिझेल कारवरही बंदी येते, तेव्हा पुढे गाडी विकताना या नोंदीला किंमत असते.

सुरुवात आरसीपासून करावी. देशभर बीएस-४ हे मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि, पाचवा टप्पा गाळून, बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तरीही केवळ वर्षावरून अंदाज बांधू नये, कारण काही कंपन्यांनी २०१९ मध्येच बीएस-६ गाड्या विकायला काढल्या होत्या. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून ‘भारत स्टेज’ची नोंद पाहावी आणि ती पुढच्या काचेवरील स्टिकरशी ताडून घ्यावी: डिझेलचा स्टिकर नारिंगी असतो आणि बीएस-६ गाडीच्या स्टिकरवर वरच्या कडेला हिरवी पट्टी असते.

कागद जुळले तरी खरी तपासणी गाडीखालीच होते. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन पूर्ण थंड असताना पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवावा. फिल्टर धड असेल तर रुमालावर फार तर धूळ येते. दाट काळी काजळी आली, तर फिल्टर फुटलेला आहे किंवा काढून टाकलेला आहे असे समजावे. माझ्या मामेभावाने घेतलेल्या गाडीत रुमाल असाच काळाकुट्ट निघाला. वर्कशॉपमध्ये डबा उघडला, तेव्हा बाहेरचे कवच शाबूत होते आणि आतला मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा गाभा कोणीतरी फोडून काढला होता. नवा फिल्टर बसवण्याचा खर्च ऐकून त्याचा चेहरा उतरला.

त्यानंतर चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्डवरील इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा पाहावा. तो आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर दोष लपवण्यासाठी तो तोडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी मेकॅनिककडून गाडी स्कॅन करून घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

ट्रक घेणाऱ्याने युरियाचीही चौकशी करावी. डीईएफ (युरियाचे पाण्यातील द्रावण), ज्याला चालक सरसकट युरिया म्हणतात, तो धुरात फवारला जाऊन नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो आणि टाकी रिकामी झाली की यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करते. हा खर्च टाळण्यासाठी काही जण यंत्रणेला फसवणारे उपकरण बसवतात. म्हणून मालकाकडे डीईएफची अलीकडची बिले मागावीत. गाडी रोज धावते आणि बिल एकही नाही, हे जुळत नाही. लहान डिझेल कारमध्ये मात्र युरियाची टाकी नसू शकते, त्यावरून संशय घेऊ नये.

पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीची पावती, असल्यामुळे यातले काही टळत नाही. ती हवीच, कारण तिच्याविना गाडी चालवल्यास कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण डिझेलच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत.

मायलेजवरून गाडी किलोमीटरमागे किती कार्बन डायऑक्साइड सोडते, याचा सोपा हिशेब आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २,६५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला मायलेजने भागावे. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १४७ ग्रॅम. २०२२-२३ पासूनच्या कॅफे, म्हणजे कंपनीच्या कारच्या सरासरी इंधन वापराच्या, सरकारी नियमातील ११३ ग्रॅम ही मर्यादा कंपनीच्या सर्व कारच्या सरासरीला लागते, त्यामुळे ‘ही गाडी कॅफे पास आहे’ या वाक्याला अर्थ नाही. कंपनीने छापलेला मायलेजचा आकडाही प्रयोगशाळेतील रोलरवरचा असतो, म्हणून टाकी पूर्ण भरून स्वतः मोजावे.

हे सगळे पटले, तर सौद्याच्या कागदावर ‘बीएस-६, डीपीएफ मूळचा व चालू’ असे विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावे आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.