बर्लिनच्या ऑफिसात नवे आहात? आधी किचन समजून घ्या

व्हिसा, भाड्याचं घर, बँकेचं खातं यांबद्दल तुम्हाला सगळेच सांगतील. मी ऑफिसच्या किचनबद्दल सांगतो, कारण माझी पहिली शोभा तिथेच झाली. पुण्यात चहाचा कप टेबलावर ठेवून उठायची सवय, मावशी उचलायच्या. इथे मावशी नाहीत. डिशवॉशर आहे, आणि तो भरायचं, रिकामा करायचं काम सगळ्यांचं. आमचा मॅनेजरसुद्धा बाह्या सरसावून करतो.

कचऱ्याचे डबे चार. निळा कागदाचा, तपकिरी ओल्या कचऱ्याचा, पिवळा (कुठे नारिंगी) पॅकिंगचा आणि उरलंसुरलं काळ्यात. शहर बदललं की रंगही बदलतात, तेव्हा झाकणावरचं वाचा. चहाचा चोथा तपकिरीत. दुकानाची गुळगुळीत पावती थर्मल कागदाची, म्हणून ती काळ्यात.

आता दह्याचा डबा. मी तो साबणाने घासूनपुसून, लोंबत्या झाकणासकट पिवळ्यात टाकला. शेजारच्या टीममधल्या बाईंनी माझ्यादेखत बाहेर काढला, ॲल्युमिनियमचं झाकण टर्रकन ओढून वेगळं केलं आणि दोन्ही परत टाकलं. जोडलेलं राहिलं तर निवडणाऱ्या यंत्राला कळत नाही, म्हणाल्या. आणि धुतलास कशाला? चमच्याने निपटलं की झालं. श्रीखंडाची वाटी बोटाने चाटूनपुसून ठेवणाऱ्याला हे ऐकावं लागलं! आठवडाभर मी त्यांना टाळत होतो. त्या मात्र दुसऱ्याच दिवशी विसरल्या होत्या. इथे लोक तोंडावर टोकतात, तिथेच संपतं.

हिवाळ्यात हीटर चालू आणि खिडकी तिरकी उघडी, असं करू नका. हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाचेक मिनिटांनी लावून घ्यायच्या. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. भर मीटिंगमध्येही करतात, म्हणून जॅकेट खुर्चीलाच असू द्या. हीटरच्या नॉबवरचा ३ म्हणजे खोलीत साधारण २० अंश. ५ वर नेलं म्हणून खोली लवकर तापत नाही.

पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन कचऱ्यात नकोत. बहुतेकांवर २५ सेंट अनामत असते, 'प्फांट'. चेपूही नका, बाटल्या परत घेणाऱ्या मशीनला लेबल वाचता येत नाही. आमच्याकडे साठलेल्या बाटल्या सुपरमार्केटात परत न्यायच्या पाळ्या आहेत. तुमची पाळी आली तर शनिवारी जाऊ नका, मशीनपुढे भली मोठी रांग असते.