जुना मेकॅनो किंवा लेगो घेताय, विकताय? या चुका टाळा

‘आजोबांच्या वेळचा मेकॅनो आहे, किती येतील?’ जुन्या खेळण्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी कोणीतरी विचारतंच. सोबत फोटो असतो. नटबोल्टनं जोडायच्या, भोकं असलेल्या लाल-हिरव्या धातूच्या पट्ट्यांचा ढीग, मधे दोन-चार पितळी चाकं, आणि एका कोपऱ्यात ब्रासोनं घासून लख्ख केलेल्या निकेलच्या पट्ट्या. विचारणाऱ्याला वाटतं, चकाकी आली म्हणजे भाव चढला. प्रत्यक्षात तो तिथेच घसरलेला असतो.

जोडणीच्या जुन्या खेळण्यांचा भाव वयावर ठरत नाही. वस्तू कारखान्यातून निघाली तशी किती उरली आहे, आणि लहानपणी ती न मिळालेली किंवा मिळून हरवलेली पिढी आज खिशात पैसे घेऊन बाजारात उभी आहे का, या दोन गोष्टींवर तो हलतो. पुढच्या बहुतेक चुका यातलं काहीतरी विसरल्यामुळेच होतात.

खोक्यावरचा नंबर वाचून किंमत लावणं

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९०१ मध्ये या खेळण्याचं पेटंट घेतलं. ‘मेकॅनो’ हे नाव आलं १९०७ मध्ये. लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडवरचा त्याचा प्रसिद्ध कारखाना १९१४ मध्ये उभा राहिला आणि १९७९ मध्ये बंद पडला. या काळात संचांचे नंबर एकसारखे राहिले नाहीत. विसाच्या दशकात नंबर ७ म्हणजे सगळ्यात मोठा संच. १९३४ मध्ये आकड्यांऐवजी अक्षरं आली आणि ‘एल’ सगळ्यात मोठा झाला. १९३७ पासून पुन्हा आकडे, आणि शिखरावर नंबर १०. तेव्हा कोणी ‘नंबर ७ आहे’ म्हणालं की पहिला प्रश्न हाच: कुठल्या सालातला? १९२७ चा सात आणि १९५५ चा सात यांत नंबर सोडला तर फारसं साम्य नाही.

दुसरा घोळ ‘ए’चा. ४ए लिहिलेलं खोकं हा चार नंबरचा संच नव्हे. चार नंबरवाल्याला पाच नंबरपर्यंत नेणारी ती भर आहे. एकट्या ४ए मधून धड काही उभं राहत नाही, आणि विकणारे हे सांगायला नेमके विसरतात.

साल ओळखायचं तर आधी रंग बघा. १९२६ पर्यंत बहुतेक भागांवर निकेलचा मुलामा. त्या वर्षी लाल-हिरवा रंग आला. १९३४ पासून युद्धामुळे उत्पादन थांबेपर्यंत निळा-सोनेरी जमाना: पट्ट्या सोनेरी, आणि निळ्या प्लेटांवर एका बाजूला सोनेरी तिरकस रेघांची जाळी. युद्धानंतर परत लाल-हिरवा. १९६४ मध्ये पिवळा, काळा, रुपेरी. १९७० मध्ये काळा जाऊन निळा आला. एकाच खोक्यात तीन काळांचे रंग दिसले तर तो संच नाही, सुटा माल आहे. सुटा माल घ्यायला हरकत काहीच नाही, खेळायला आणि मोठी क्रेन उभी करायला तोच उत्तम. फक्त पैसे सुट्या मालाचे द्यावेत.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. भोकांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट दिसले की मराठी माणूस सरसकट ‘मेकॅनो’ म्हणतो. पुष्कळ घरांत निघतो तो मुळात झेफायर कंपनीचा भारतीय मेकॅनिक्स. तो चांगलाच होता, अनेकांचा हात त्यावरच बसला, पण लिव्हरपूलच्या मालाचा भाव त्याला लागत नाही. भोकांमधलं अंतर अर्धा इंच जुळलं म्हणूनही भाग मेकॅनोचा ठरत नाही. पट्टीवर ठोकलेला ठसा भिंगातून वाचा. इंग्लंडचा, फ्रान्सचा की कसलाच नाही, हे तिथेच कळतं.

घासणं, रंगवणं, ‘नव्यासारखं’ करणं

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून जरा थांबून सांगतो. निकेलचा मुलामा पातळ असतो. पॉलिश म्हणजे बारीक खरवडणंच, त्यामुळे कडांवरचा थर आधी जातो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. रंगीत भागांचं तर विचारूच नका. स्प्रे मारलेली पट्टी अनुभवी संग्राहक बोटानंच ओळखतो: भोकांच्या आतल्या कडेला रंगाची जाडी लागते आणि ठशाची अक्षरं बुजलेली असतात. पुन्हा रंगवलेल्या भागांना गिऱ्हाईक असतं, पण ते मॉडेल बांधणारं. संग्राहक खरचटलेला मूळ रंग पत्करतो, नवा नको म्हणतो.

मग करायचं काय? धूळ मऊ ब्रशनं झटका. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, ओल्या कापडानं पुसणं, आणि लगेच हेअर ड्रायरनं वाळवणं. भाग पाण्यात बुडवून ठेवू नका. हलक्या गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर राहू द्या आणि सुती फडक्यानं टिपून घ्या. व्हिनेगर, चिंच, लिंबू हे पितळेच्या तांब्याला ठीक. इथे गंजाबरोबर मुलामाही उतरेल. निळ्या प्लेटांवरच्या सोनेरी जाळीला तर कोरड्या ब्रशपलीकडे हात लावू नये. आणि सँडपेपर मारण्याचा मोह कुठल्याच रंगावर नको. इतक्या जुन्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते, ती धूळ श्वासात जाते. त्याच कारणानं वस्तू तोंडात घालणाऱ्या वयाच्या नातवंडांना हा संच खेळायला देऊ नका.

वाकलेली पट्टी हातोडीनं ठोकू नका, घाव कायमचे राहतात. दोन गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, हळूहळू दाबली की बरीच सरळ होते.

बोल्ट बसत नाही? जोर लावू नका

चाकाच्या पितळी बॉसमधला, म्हणजे मधोमध दांडा बसतो त्या भागातला, बारीक स्क्रू हरवलेला असतो. माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो, दुकानदार मेट्रिक मापाचा एम-४ देतो, आणि तो पहिला दीड-दोन फेरे छान जातोही. मग अडकतो. इथे पान्ह्यानं रेटलं की खेळ संपला. मेकॅनोचा जुना आटा ५/३२ इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा आहे, इंचाला ३२ आटे. म्हणजे दोन आट्यांतलं अंतर सुमारे ०.७९ मिलिमीटर. एम-४ मध्ये ते ०.७. जाडी जवळपास सारखी असल्यामुळे सुरुवातीला फसगत होते, नंतर पोलादी स्क्रू मऊ पितळेतले मूळ आटे कापत जातो. असं चाक पुन्हा दांड्यावर घट्ट बसत नाही. व्हिटवर्थचा स्क्रूच मागवा, इंग्लंडातले सुट्या भागांचे विक्रेते तो अजून विकतात. मिळेपर्यंत चाक तसंच राहू द्या.

नवे बनवलेले भाग वापरायलाही हरकत नाही. मात्र विकताना ते वेगळ्या पिशवीत घालून तसं स्पष्ट लिहा. गुपचूप मिसळलेला एक नवा भाग सापडला की गिऱ्हाईक उरलेल्या तीनशेंवरही संशय घेतं.

दोरी कापणं, खोकं टाकणं

जुन्या संचांत भाग पुठ्ठ्याच्या कार्डाला दोरीनं बांधलेले असत. ती दोरी अजून शाबूत असेल तर ‘सगळं आहे ना ते मोजू’ म्हणून सोडू नका. न सुटलेली बांधणी हा हात न लागल्याचा पुरावा आहे आणि गिऱ्हाईक त्याचेच जास्तीचे पैसे मोजतं. खोकं, झाकणावरचं चित्र, सूचनापुस्तिका, अगदी आतली यादीची चिठ्ठी, सगळं ठेवा. खोक्याची फाटकी कड सेलोटेपनं जोडली तर काही वर्षांत टेप सुकून गळतो आणि पिवळा डाग मागे ठेवतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा खरा शत्रू. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दर थोड्या दिवसांनी बदला. भाग वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड तर नकोच, तो चिकटतो आणि धातूवर काळा पट्टा उमटवतो. डांबरगोळ्या कपड्यांच्या कपाटात ठीक, पण त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. पत्र्याखालचा माळा ही जागा सगळ्यात वाईट: उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ओल.

एकत्र ढीग घेताना त्यात युद्धापूर्वीच्या डिंकी, म्हणजे ओतीव धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या असतील तर त्या नीट बघा. त्याही हॉर्नबीच्याच कंपनीच्या. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिल्यानं त्यांतल्या कित्येक आतून फुगून तडकतात. त्यावर इलाज नाही.

प्लास्टिक कायम टिकतं असं धरून चालणं

लेगोची आजच्या पद्धतीची वीट १९५८ ची. १९६३ मध्ये कंपनी एबीएस नावाच्या टणक प्लास्टिककडे वळली. त्याआधीच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या, त्या वाकतात आणि एकमेकींत नीट बसत नाहीत. एबीएस आकार धरून ठेवतं, पण ऊन लागलं की पांढरी वीट पिवळी पडते, निळी मळकट होते. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून ती उजळते, खरं आहे. ती पुन्हा पिवळी पडू शकते आणि ठिसूळही होते, हेही खरं. तसं केलं असेल तर विकताना सांगा. काही वर्षांतल्या लालसर तपकिरी आणि गडद लाल विटा मुळातच तडकणाऱ्या, त्यामुळे तशा रंगाचं बांधलेलं मॉडेल उगाच सोडून पुन्हा जोडू नका.

मिसळ ओळखायची एक सोपी खूण: २००४ च्या सुमारास लेगोनं राखाडी रंग बदलून निळसर केला. नव्वदच्या दशकातल्या किल्ल्याच्या भिंतीत निळसर राखाडी विटा दिसल्या, तर त्या नंतर कोणीतरी भरलेल्या आहेत.

‘बंद झाला म्हणजे भाव वाढतच जाणार’

लेगोचा ताजमहाल आठवा. १०१८९ क्रमांकाचा हा संच २००८ मध्ये आला, ५,९२२ तुकडे, अमेरिकेतली किंमत ३०० डॉलरच्या आसपास. उत्पादन थांबल्यावर सीलबंद खोकी मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाऊ लागली. लोकांनी गुंतवणूक म्हणून जपून ठेवली. २०१७ मध्ये कंपनीनं जवळपास तोच ताजमहाल १०२५६ क्रमांकानं पुन्हा बाजारात आणला, ५,९२३ तुकडे, सुमारे ३७० डॉलर. जुन्याचा भाव कोसळला. ज्यांनी चढ्या भावानं घेऊन ठेवला होता त्यांच्याकडे बघायची सोय राहिली नाही.

मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ मधल्या २,३२२ लेगो संचांच्या किमती तपासल्या. सरासरी वार्षिक परतावा सुमारे ११ टक्के निघाला. त्याच अभ्यासात काही संच वर्षाला ५० टक्क्यांनी घटले आणि काही ६०० टक्क्यांनी चढले. शिवाय तो परतावा सीलबंद खोक्याचा. तो मिळवायला वर्षानुवर्षं घरातली कोरडी जागा अडवावी लागते, आणि मुंबईत तिचं भाडं कोणी धरत नाही.

मेकॅनोची गोष्ट उलट्या दिशेनं चालली आहे. चाळीस-पन्नासच्या दशकात त्याच्याशी खेळलेली मुलं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे आयुष्यभराचे संग्रह एकामागून एक विक्रीला येतात, घेणारे तेवढे नाहीत. म्हणून पन्नासच्या दशकातला वापरलेला लाल-हिरवा छोटा संच माझ्या मते पुढे पळण्याची आशा धरण्यासारखा नाही. लाकडी ड्रॉवरच्या कपाटातला पूर्ण नंबर १०, किंवा निळ्या-सोनेरी काळातला न सुटलेला संच, ही गोष्ट वेगळी. ते मुळातच थोडे आहेत.

मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत

ईबेवर कोणी पन्नास हजार मागतो म्हणून आपलंही खोकं पन्नास हजारांचं होत नाही. ‘विकले गेलेले’ हे फिल्टर लावून बघा. इंग्लंडमध्ये व्हेक्टिससारखी खेळण्यांसाठीचीच लिलावघरं आहेत, त्यांचे जुने निकालही चाळा. मात्र हातोडीच्या भावावर, म्हणजे लिलावात ठरलेल्या बोलीवर, घेणारा लिलावघराचं जास्तीचं शुल्क (प्रीमियम) भरतो आणि विकणाऱ्याचं कमिशन कापलं जातं, त्यामुळे निकालातला आकडा कोणाच्याच हातचा नसतो. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात माल दिसला तर तो सुटा समजूनच बोली करा, दुकानदार ‘अँटिक’ म्हणो की ‘ब्रिटिश’.

परदेशातून मागवणार असाल तर हिशेब आधी मांडा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर बाकीचे कर, आणि लोखंडाच्या वजनाचं टपाल. खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) प्रमाणपत्राची अट २०२१ पासून लागू आहे, वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम आणखी वेगळे, तेव्हा सध्याची स्थिती विचारल्याशिवाय लिलावात बोली लावू नका. पार्सल येणार असलंच तर विकणाऱ्याला पितळी गिअर आणि पट्ट्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरायला सांगा आणि मूळ खोकं दुसऱ्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात. सैल भरलेल्या पट्ट्या वाटेत आदळून जुन्या पुठ्ठ्याचे कोपरे आतून फाडतात.