डिस्क वाढली, पण फेरफार झाला का?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. पॅटर्नची ड्रॉइंग्ज आणि प्रत्येक हीटचे (भट्टीतल्या एका वितळणीचे) केमिकल रिपोर्ट त्यावर असतात. मध्यंतरी रात्री व्हर्च्युअल डिस्क २०० जीबीची ३०० केली आणि बाकीचं काम सकाळवर ठेवलं. सकाळी गेटातून आत जाते तोवर स्टोअरमधले काका म्हणाले, "मॅडम, डिस्क वाढवलीसा न्हवं? मग जागा कुठं गेली?"

जागा आलेली होती, पण एलव्हीएमच्या, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, दप्तरी तिची नोंद नव्हती. शेजारचा पट्टा विकत घेतला तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढावं लागतं, तसंच हे. एलव्हीएमच्या ताब्यात दिलेली डिस्क किंवा तिचा भाग (पार्टिशन) म्हणजे पीव्ही, पीव्ही मिळून झालेला साठा म्हणजे व्हीजी, आणि त्यातून वाटून दिलेला हिस्सा म्हणजे एलव्ही. पीव्हीरिसाइझ ही कमांड तो फेरफार करते. (कमांडची नावं इथे बोलतो तशी दिली आहेत, टर्मिनलवर रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टाइप करा.)

वाढवताना खालून वर यायचं: डिस्क, पार्टिशन, पीव्ही, एलव्ही आणि शेवटी फाइल सिस्टिम (फायली ठेवायची रचना). आधी बॅकअप, मग व्हीजीसीएफजीबॅकअप चालवून मेटाडेटाची, म्हणजे एलव्हीएमच्या नोंदींची, प्रत. डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके अजून २०० च दाखवत असेल, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) नवा आकार कळलेला नाही. सिस, क्लास, ब्लॉक, एसडीए (हे डिस्कचं नाव), डिव्हाइस या वाटेवरच्या रिस्कॅन फायलीत रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून १ लिहा. मग ग्रोपार्टने पार्टिशन वाढवा. इथे डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांत मोकळी जागा सोडायची: एसडीए, स्पेस, ३. पुढे पीव्हीरिसाइझला मात्र एसडीए३ असं जोडूनच द्यायचं. नवीन पोरं इथे हमखास अडखळतात.

पीव्हीरिसाइझला वाढवताना आकार सांगावा लागत नाही, पार्टिशन जेवढं आहे तेवढं ती घेते. सर्व्हर बंद करायची गरज नाही. त्या दिवशी भट्टी चालू होती, रिपोर्ट येत होते आणि काम झालं. एक्सटेंट म्हणजे एलव्हीएम जागा मोजतं ते एकक. नेहमीचा एक्सटेंट ४ एमबीचा, त्यामुळे व्हीजीएस कमांड चालवली की १०० जीबी, म्हणजे साधारण २५,६०० एक्सटेंट, मोकळी दिसली पाहिजे. शेवटी एलव्ही वाढवायला एलव्हीएक्सटेंड, आणि सोबत आर हा पर्याय, म्हणजे फाइल सिस्टिमही त्याच दमात वाढते.

सगळी जागा लगेच वाटून टाकू नका. मी ६० जीबी दिली, ४० राखून ठेवली. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम एकदा वाढवली की व्यवहारात लहान करता येत नाही, आणि स्नॅपशॉटलाही (एलव्हीची त्या क्षणाची प्रत) मोकळे एक्सटेंट लागतात.

लहान करताना क्रम बरोबर उलटा, वरून खाली. मी एकदा एका जुन्या सर्व्हरवर आधी पार्टिशन कापलं. लगेच इशारा आला की डिव्हाइस पीव्हीपेक्षा लहान आहे, आकार बदलला का? तो आठवला की आजही पोटात गोळा येतो. मी काहीही न लिहिता, आधीचाच सुरुवातीचा सेक्टर देऊन पार्टिशन पूर्वीएवढं केलं, म्हणून डेटा वाचला.

म्हणून आधी पीव्हीडिस्प्लेला एम पर्याय देऊन कुठला एक्सटेंट कुणाकडे आहे ते बघा. समजा ३०० चं पीव्ही २०० वर आणायचं आहे. नवी हद्द साधारण ५१,२०० व्या एक्सटेंटपाशी येते, आणि १० जीबीचा एक तुकडा ६०,००० ते ६२,५५९ वर बसलाय. पीव्हीरिसाइझ सरळ नकार देईल, आणि द्यायलाच हवा. तो तुकडा पीव्हीमूव्हने, समजा, मोकळ्या असलेल्या २०,००० ते २२,५५९ वर आणा. त्याच पीव्हीत हलवायचं तर अलॉक एनीव्हेअर हा पर्याय द्यावा लागतो. मग सेटफिजिकलव्हॉल्यूमसाइझ या पर्यायाने पीव्ही २०० जीबी करा आणि त्यानंतरच पार्टिशन कापा, तेही २०१ जीबीवर. उरलेल्या एका जीबीसाठी पुन्हा साधी पीव्हीरिसाइझ चालवली की पीव्ही कडेला नीट भिडतं.

काकांना दुपारी डीएफ (किती जागा मोकळी ते दाखवणारी कमांड) चालवून दाखवलं. त्यांनी आकडा वहीत तारखेसह टिपून घेतला.