गहू न चालणारा पाहुणा जेवायला येणार असेल तर

सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या पाहुण्यासाठी पोळी वगळून भाकरी केली की झालं, असं वाटतं. पण फसगत होते ती हिंगात. बाजारातला डबीतला हिंग बहुतेक वेळा 'बांधानी' असतो: थोडा हिंग, बाकी डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ. डबीवरचे घटक वाचा. गहू किंवा मैदा दिसला, तर त्या दिवशी फोडणी जिरं, कढीपत्ता आणि लसणाची द्या. वरण तेवढंच छान लागतं.

दुसरी अडचण पिठाची. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, आणि जात्यात उरलेलं पीठ पुढच्या ज्वारीत उतरतं. म्हणून 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं बंद पाकीट आणा. भारतात त्यासाठी ग्लुटेनची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतोच, तेव्हा ती नको.

पाहुण्यांचा स्वयंपाक आधी उरकावा, पोळ्या नंतर. तवा घासून घ्या. लाकडी पोळपाटाच्या भेगांत कणीक राहते, म्हणून भाकरी स्वच्छ परातीत थापा. पुऱ्या तळलेल्या तेलात त्यांचे पापड तळू नका. गोडाला शिरा, शेवया नकोत. तांदळाची खीर करा. आणि वाढताना पोळीचा हात त्यांच्या भाताला लागू देऊ नका.