जुन्या कपाटाच्या कड्या-मुठी उजळण्याआधीची तयारी

घरातल्या जुन्या सागवानी कपाटाच्या मुठी काळवंडल्या, बिजागऱ्या कुरकुरायला लागल्या, की पहिला विचार नव्या घेण्याचा येतो. तो जरा बाजूला ठेवा. दुकानात आज सर्रास मिळणाऱ्या हँडलांच्या दोन भोकांतलं अंतर 96 किंवा 128 मिलिमीटर असतं. जुन्या मुठींचं माप त्याच्याशी क्वचितच जुळतं. मग दारात नवी भोकं पाडा, जुनी बुजवा, पॉलिश करा... खर्च तिथेच वाढतो. जुन्याच वस्तू उजळायच्या ठरवल्या, तर आमच्या घरच्या कपाटाचं सगळं सामान 500 रुपयांच्या आत बसलं.

सुरुवातीला एक लोहचुंबक शोधा, फ्रिजवर लावायचा असला तरी चालेल. मुठीला चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. तो घासला की निघून जाणार, म्हणून अशा मुठी साबणाच्या कोमट पाण्याने पुसायच्या, बस्स. चिकटला नाही तर मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, ब्लेडने हलकं खरवडा. पिवळा धातू दिसला तर बहुधा पितळ. पांढुरका दिसला तर ते जस्ताचं ओतीव काम, त्याला आंबट काहीही लावू नका.

काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बिजागऱ्यांवर आतल्या बाजूने पेन्सिलीने क्रमांक टाका आणि प्रत्येकीचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवा. दिसायला सारख्या असल्या तरी वर्षानुवर्षं आपापल्या जागी घासून त्या वेगवेगळ्या झालेल्या असतात. अदलाबदल झाली की दार खाली टेकतं.

जुने स्क्रू एका खाचेचे असतात आणि खाचेत रंग भरलेला असतो. तो टोकदार खिळ्याने आधी काढा, खाचेच्या पूर्ण रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. घाईत डोकं तुटलं की तो स्क्रू लाकडातून काढणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

रंगाचे थर असतील तर इथे खरी काळजी घ्या. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. लहान मुलांना आणि गरोदर बाईला दूर ठेवा. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात लोखंडी किंवा पितळी वस्तू तासभर ठेवल्या की रंग सुटतो. त्यासाठी घेतलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ, नाहीतर पितांबरी. नक्षीत शिरायला दातांचा जुना ब्रश. आंबट पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, पितळेतलं जस्त निघून वर तांबूस झाक येते. पितळ आणि लोखंड एकाच वाडग्यात भिजवू नका. लोखंडी बिजागऱ्या रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी सोड्याच्या पाण्यात बुडवा, उन्हात वाळवून लगेच तेल लावा. कोकणात, पावसाळ्यात हे काम काढूच नका, वाळेपर्यंत पुन्हा गंज धरतो.

परत बसवताना लागणारं सामान आधीच हाताशी असू द्या: फेविकॉल, काड्यापेटीतल्या गूल काढलेल्या काड्या, मेणबत्तीचा तुकडा आणि पितळी स्क्रूंच्याच मापाचा एक लोखंडी स्क्रू. भोक सैल झालं असेल तर काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका आणि रात्रभर सुकू द्या. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात जोर लावला की मोडतो. म्हणून आधी लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी स्क्रूला मेण चोळून हलक्या हाताने बसवा.

एखादी मूठ हरवलीच असेल, तर उरलेल्यांपैकी एक खिशात टाकून पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, मुंबईत असाल तर चोर बाजारात. फोटो दाखवून माप जुळत नाही, वस्तूच हातात हवी.