अंधार पडल्यावर धावायला जाताय? या चुका टाळा

पहाटे किंवा रात्री एकटीने धावणाऱ्या बाईला सल्ल्यांची वानवा नसते. बहुतेक सल्ले ‘जाऊच नकोस’ एवढ्यावर संपतात. नोकरी आणि घर यांतून उरणारा वेळच तेवढा असतो, हे सल्ला देणाऱ्याच्या गावीही नसतं. शिवाय उजेडात सगळं सुरक्षित असतं असंही नाही. जानेवारी २०२२मध्ये आयर्लंडमधल्या टलामोर इथे कालव्याकाठी व्यायामाला गेलेल्या एका तरुण शिक्षिकेचा खून झाला, तेव्हा दुपारी चारचा सुमार होता. दोष हल्ला करणाऱ्याचा, हे आधीच सांगून टाकते. खालच्या चुका कुणाला नंतर ‘तरी सांगत होतो’ म्हणता यावं म्हणून लिहिलेल्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच बूट घालता घालता दुरुस्त होतात, म्हणून लिहिल्या आहेत.

परक्यांना पत्ता, घरच्यांना नाही

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक रस्त्यावर होतच नाही, फोनवर होते. धावण्याचं ॲप दारातच सुरू करायचं, दारातच थांबवायचं आणि नकाशा सगळ्या जगाला दिसेल असा टाकून द्यायचा. आठवडाभराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की घर कुठे, निघायची वेळ कोणती, सुनसान पट्टा कधी लागतो, हे कुणालाही कळतं. स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपने नोव्हेंबर २०१७मध्ये जगभरच्या नोंदींचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. तरी जानेवारीपर्यंत लोकांनी त्यावरून दुर्गम भागातले लष्करी तळ हुडकून काढले, कारण तिथले सैनिक ॲप चालू ठेवून तळाभोवती धावत होते. तुमच्या नोंदीवर तर नावही असतं आणि फोटोही.

प्रोफाइल ओळखीच्यांपुरतं ठेवा. नकाशाची सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय चालू करा, आणि घड्याळही दोन गल्ल्या पुढे गेल्यावर सुरू करा. ते दोनशे मीटर ॲपने मोजले नाहीत म्हणून फुकट जात नाहीत. जुन्या नोंदी एकदा उघडून बघा. सेटिंग आज बदललं म्हणून मागचे नकाशेही झाकले गेले, असं धरून चालू नका. फोटो टाकायचाच तर घरी परतल्यावर.

आणि ज्यांना कळायला हवं त्यांना मात्र ‘जरा जाऊन येते’ एवढंच माहीत असतं. कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत, आणि उशीर झाला तर त्या माणसाने काय करायचं, हे तिन्ही सांगून निघा. तिसरं बहुतेक जणी विसरतात, मग घरचे तासभर ‘येईल आता’ म्हणत बसतात. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय असतात. चाळीस मिनिटं धावायचं असेल तर पंधरा मिनिटं पुरणार नाहीत, एवढं बघून बोट टेकवा. लोकेशन मध्येच गोठत असेल तर बॅटरी सेव्हर चालू आहे का, आणि ॲपला फक्त ‘वापरात असताना’ची परवानगी दिलेली आहे का, हे आधी तपासा.

कानांत गाणी

बाहेरचा आवाज गाळणारे इअरबड अंधारात घालू नयेत, हे बहुतेकींना पटतं. मग तडजोड म्हणून एकच कानात ठेवतात. पण आवाज कुठून येतोय हे आपण दोन्ही कानांची तुलना करून ओळखतो. एक कान झाकला की पावलं ऐकू येतात, दिशा नीट कळत नाही. हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन कान मोकळे ठेवतात, म्हणून त्यांतल्या त्यात बरे, तेही आवाज कमी ठेवला तर. निर्मनुष्य पट्ट्यावर मात्र काहीच नको.

चालकाला आपण दिसतो हा समज

गाडीचे दिवे आपल्याला लांबून दिसतात, त्यामुळे चालकालाही आपण दिसत असू असं वाटतं. तसं नसतं. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. चालकाला कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर वेग कमी व्हायच्या आधीच ती २५ मीटर पुढे आलेली असते.

फ्लुरोसंट पिवळा टीशर्ट दिवसा झगझगतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री तो नुसता फिका कपडा. परावर्तक पट्टी हवी, आणि ती छातीपेक्षा घोट्यांवर आणि मनगटांवर. हलणाऱ्या पट्ट्यांवरून ‘माणूस आहे’ हे चालकाच्या चटकन लक्षात येतं. दिव्याचा झोत पडल्याशिवाय पट्टी चमकत नाही, म्हणून स्वतःचा छोटा दिवाही लावा. दिवा कपाळाऐवजी कमरेला बांधला तर खड्ड्यांची सावली पडते आणि ते दिसतात. फुटपाथ नसेल तिथे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावा.

वस्तू आहे, पण पाऊचमध्ये

हल्लेखोराच्या डोळ्यांत मारायचा पेपर स्प्रे पाऊचमध्ये किल्ल्यांखाली, वर चेन लावलेली. असा स्प्रे नसल्यासारखाच. मलाही त्याचं फारसं कौतुक नाही: वारा उलटा असला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, त्याला मुदत असते, आणि ब्रिटनसारख्या देशांत तो बाळगणंच गुन्हा आहे. पिन ओढली की किंचाळणारा अलार्म मुठीत ठेवता येतो आणि नेम धरावा लागत नाही. त्याची बॅटरी अधूनमधून तपासा. फोनमधली एसओएसची सोय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबून सुरू होते. तुमच्या फोनवर ती कशी चालते, मेसेज कुणाला जातो, रद्द करायला किती सेकंद मिळतात, हे घरी बसून बघा.

मागे कुणी आहे असं वाटलं तर

इथली चूक भिडेची असते. ‘उगाच संशय घेतला तर त्याला काय वाटेल’ म्हणून मागे वळून बघितलंच जात नाही. बघा, सरळ बघा. रस्ता ओलांडा. तोही ओलांडून आला तर माणसं आणि उजेड असेल तिकडे वळा, फोन लावून मोठ्याने बोला. थेट घरी पळू नका. घर त्याला दाखवायचं नाही. गाडी शेजारून हळूहळू येत असेल तर वळा आणि उलट्या दिशेने धावा, गाडीला वळायला वेळ लागतो. शेरेबाजीला उत्तर देण्याच्या भरात थांबू नका, तोंडावर आलेलं उत्तर कितीही चोख असलं तरी. कुत्रा मागे लागला तर मात्र उलट नियम: धावणं थांबवा, पाठ फिरवू नका, सावकाश मागे सरका.

सुखरूप जागी पोचलात की ठिकाण, वेळ, कपडे, गाडीचा नंबर लगेच फोनमध्ये टिपून ठेवा. तक्रार करायला नंतर तेच लागतं. आणि त्या वाटेवर धावणाऱ्या बाकीच्या जणींना त्याच दिवशी कळवा, त्यांची वेळ कदाचित तुमच्या अर्ध्या तासानंतरची असेल.